पाठीमागची ऊब

४ नोव्हेंबर

दादा,

आधी ‘प्रिय’ लिहिलं होतं. मग कागद बदलला. फोन करत नाही, कारण फोनवर आपली दुसऱ्याच वाक्याला जुंपते. पत्रात निदान तुला मला मधेच तोडता येणार नाही.

आई बरी आहे. तेवढं कळवायलाच लिहितेय. तिनंच मागे लकडा लावला, “त्याला कळव गं, काळजी करत असेल.” मी म्हटलं, “करत असता तर दोन वर्षांत विचारलं असतं.” त्यावर म्हणते, “तू तरी कुठे सांगितलंस?” सकाळी चहा घेतला की नाही हे तिला दुपारी आठवत नाही, पण असलं काही बरोबर आठवतं.

आम्ही घर बदललं. पत्ता वर लिहिलाय. चढाच्या टोकाला बैठं घर आहे. दोन खोल्या आणि मागे एक लांबट खोली. पुढे रस्त्यावर लॉन्ड्री, बाकी शेजार नाही. मला एका हॉटेलच्या पडद्यांचं मोठं काम मिळालंय, सगळ्या मजल्यांचे पडदे, अस्तरासकट. ते हॉटेल इथून चालत जाण्यासारखं आहे, म्हणून हे घर. उजेड भरपूर, हवेशीर आहे. मालकही बरा वाटला, आईशी दोन शब्द बोलून गेला.

एक काम होतं. आईची जाड तपकिरी शाल तुमच्याकडे राहिलीय. आम्ही तुमच्याकडून घाईत निघालो होतो, आणि घाई का होती ते तुला ठाऊक आहे. वहिनी वापरत नसेल तर पाठव. थंडी अशी फारशी नाही. असावी आपली.

— धाकटी


२१ नोव्हेंबर

दादा,

शाल मिळाली. सोबत चिठ्ठी नव्हती, पण घडी वहिनीच्या हातची होती, ती मी ओळखली. तिला सांग पोचली म्हणून. आईनं ती अंगावर घेतली ती घेतलीच. झोपतानाही काढत नाही.

मी ‘हवेशीर’ लिहिलं होतं, ते काही खोटं नव्हतं. खिडक्या घट्ट लावल्या तरी आतला पडदा हलतो. चौकट आणि भिंत यांच्यात माझं बोट जातं. सगळ्या फटींत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले, वरून चिकटपट्टी लावली, त्यावर अस्तराचे उरलेले तुकडे ठोकले. बाबांच्या जुन्या पँटचा एक पाय कापून त्यात चिंध्या भरल्या आणि तो लोड दाराखाली आडवा टाकला. आई त्याला कुत्रा म्हणते. “कुत्रा हलवू नकोस गं, वारा आत येतो.” छत पत्र्याचं आहे, खाली नुसत्या फळ्या. हीटर लावला की ऊब सरळ वर निघून जाते, आणि हीटरबरोबर इस्त्री लावली की फ्यूज उडतो. म्हणजे एकतर कापड गरम, नाहीतर आई. सकाळी काचेच्या आतल्या बाजूनं पाणी ओघळत असतं आणि आईच्या उशीमागच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरलीय. रोज पुसते, रोज येते.

मालकाला बोलावून घेतलं.

“जुनं बांधकाम आहे बाई. थोडं सोसावं लागतं.”

“थोडं? घरात बोलताना तोंडातून वाफ निघते!”

“मग कमी बोलायचं,” म्हणाला आणि स्वतःच हसला. मी हसले नाही तेव्हा जरा ओशाळला. “मागच्या खोलीत बसत जा की. तिथे बरं वाटतं. आधीच्या भाडेकरूही तिथेच बसायच्या.”

आईला ते त्याच्या आधीच कळलं होतं. परवा मी पुढे कापड कापत होते आणि ती दिसेना. मागच्या खोलीत पाहिलं, तर पार टोकाच्या भिंतीला पाठ लावून, पाय पसरून जमिनीवर बसलेली. शाल काढून मांडीवर ठेवलेली! चेहरा असा निवांत, की किती दिवसांत मी तो तसा पाहिला नव्हता.

“ये, बस. इथे बघ कसं उबदार आहे.”

मी हात लावला. खरंच उबदार होतं दादा. उन्हानं तापते तशी नाही भिंत. आताच कुणीतरी खुर्चीवरून उठून गेलं आणि आपण बसलो की लागते ना, तशी ऊब. आणि तेवढ्याच भागात. माणसाची पाठ टेकेल इतकी रुंद, बसलेल्या माणसाचं डोकं पोचेल इतकी उंच. त्याच्या बाजूला वीतभर हात सरकवला तर भिंत बर्फासारखी.

कसं का असेना, आईला जागा सापडली. मी तिथे सतरंजी घातली.


५ डिसेंबर

दादा,

तुझं पत्र आलं. तीन ओळी, त्यातल्या दोन पाइपबद्दल. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस तू, तुला प्रत्येक भिंतीत पाइप आणि वायर दिसणार. तरी लिहिलंस, बरं वाटलं. आईला वाचून दाखवलं. तिनं ते पुन्हा पुन्हा वाचायला लावलं, पाइपसकट.

तुझं ऐकून मी हीटरवाल्याला बोलावलं. त्यानं भिंत ठोकून पाहिली, बाहेरून चक्कर मारून आला. मीही त्याच्या मागोमाग गेले. भिंतीपलीकडे काही नाही. मोकळी जागा, वाळकं गवत आणि विटांचे तुकडे. बाहेरच्या अंगाला भिंतीवर पांढरं दहिवर गोठलेलं, वरपासून खालपर्यंत, कुठेही न वितळलेलं.

“पाइप नाही, वायर नाही,” तो म्हणाला. “आणि उन्हाचं म्हणाल तर या बाजूला ऊन येतच नाही.” मग आत येऊन त्यानं आई बसते त्या जागेवर पंजा टेकवला आणि लगेच मागे घेतला. हात पँटला पुसला. मी विचारलं, “लागली ना गरम?” तो म्हणाला, “ताई, मला पुढे अजून एक काम आहे.” चहाही न घेता गेला.

मी शिवणयंत्र मागच्या खोलीत नेलं होतं. खरं सांगू? या घरात आल्यापासून चांगल्या गेल्या त्या तेवढ्याच दुपारी. आई भिंतीशी, तिच्या शेजारी मी, तिच्या खांद्याला खांदा लावून पडद्यांच्या चुण्या टाचत बसलेली. पाठीला ऊब लागली की डोळे मिटायला लागतात. फक्त बोटं ऐकत नव्हती. हॉटेलच्या देखरेख करणाऱ्या बाईनं एक जोडी परत पाठवली, शिवण वाकडी म्हणून. माझी शिवण! मी तिला म्हटलं, कापडच ओढतंय. तिनं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “तुमची तब्येत बरी आहे ना? ओठ काळेनिळे दिसताहेत.”

आई हल्ली तिथे बसून बोलते. माझ्याशी नाही. हळू आवाजात, शेजारणीशी बोलावं तसं.

“कुणाशी बोलतेस आई?”

“तिच्याशी.”

“काय म्हणते ती?”

“ती कसली म्हणतेय! पाठ लावून बसते नुसती. माझ्यासारखीच.”

“कुठे?”

“पलीकडे.”

“पलीकडे मोकळी जागा आहे आई.”

“म्हणून तर गारठलीय ना बिचारी,” आई म्हणाली, अगदी साध्या आवाजात, मला एवढंही कळत नाही असं.

तिच्या विसरण्याच्या दुखण्यात असं होतं, हे मला माहीत आहे. मी हसून सोडून दिलं. पण त्याच संध्याकाळी मशीन पुढच्या खोलीत आणलं. पुढे उजेड बरा मिळतो, म्हणून.


१३ डिसेंबर

दादा,

आधी हे वाच: आई ठीक आहे. आत्ता ठीक आहे.

काल सकाळी मी हॉटेलात पहिल्या मजल्याचे पडदे टांगायला गेले होते. निघताना मागच्या खोलीचं दार ओढून घेतलं होतं. कुलूप लावलं नाही, त्याला कुलूपच नाही. परत आले तर आई भिंतीशी. स्वेटर काढलेला, शाल दूर फेकलेली, गळ्याजवळची बटणं उघडी. मला बघून हसली. “उकडतंय गं.” मी तिचा हात धरला. थंडीत सकाळी नळाला हात लावावा तसा लागला. ओठ जांभळे, आणि जीभ जड झाल्यासारखे शब्द.

मी धावत लॉन्ड्रीत गेले. तिथल्या काकूंनी फोन करून कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी ताप मोजायची नळी पुन्हा पुन्हा लावून पाहिली. म्हणाल्या, “अशी माणसं मी उघड्यावर सापडलेली पाहिलीत. घरात नाही.” अंग फार गार पडलं की डोक्याला उलटंच वाटायला लागतं, म्हणाल्या. उकडतंय असं वाटून माणूस अंगावरचे कपडे काढतो.

“पण डॉक्टर, तिथली भिंत खरंच गरम असते.”

त्या उठून आत गेल्या आणि परत आल्या. “मी हात लावून पाहिला. इतर भिंतींपेक्षा गार आहे ती. आजपासून त्यांना तिथे बसू देऊ नका.”

त्या गेल्यावर मी जाऊन हात लावला. गरम होती, दादा. नेहमीपेक्षा जास्त. हे मी त्यांना सांगितलं नाही. तुला सांगतेय.

हातपाय शेकायचे नाहीत, कुशीत घेऊन झोपा, तुमच्याच अंगाची ऊब द्या, असं त्यांनी सांगितलं होतं. दुपारभर मी रजईत आईला कवटाळून पडले. बराच वेळ ती दगडासारखी होती. मग एकदाची कुडकुडायला लागली. कुडकुडणं चांगलं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, म्हणून मला रडूच आलं. तेव्हा आई माझ्या गळ्याशी पुटपुटली, “मी तिच्याकडून घेत नव्हते गं ऊब. देत होते.”

“कुणाला, आई?”

“कुणी दिलीच नाही तिला.”

काकू गरम इस्त्रीच्या चादरी घेऊन आल्या होत्या. त्यांनी हे ऐकलं आणि हातातली चादर तशीच धरून उभ्या राहिल्या. आईला डोळा लागल्यावर मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या.

“मालकानं तुम्हाला सांगितलं नसेल,” त्या म्हणाल्या. “पलीकडे बेकरी होती. भट्टी अगदी या भिंतीला लागून. इथे एक बाई भाड्यानं राहायच्या, एकट्या. मोजे, टोप्या विणून विकायच्या. थंडीत या भिंतीला टेकून विणत बसायच्या. मला म्हणायच्या, मला हीटर कशाला, माझ्या पाठीशी अख्खी भट्टी आहे. मग बेकरी बंद पडली, पाडून टाकली. भट्टी गेली तरी त्या तिथेच बसायच्या. सवय हो. त्या वर्षी थंडी फार पडली...”

“आणि?”

“बसलेल्याच सापडल्या. सुया हातात. उशिरा सापडल्या. कुणाचं लक्षच गेलं नाही.” काकूंनी डोळे पुसले. “मी इथे, हाकेच्या अंतरावर. माझंही नाही.”

दादा, ये. आईला घेऊन जा. ‘तुला आई जड झाली’ असं मी तुला म्हणाले होते, ते मी मागे घेत नाहीये. त्यावर नंतर भांडू, वाटलं तर रोज भांडू. पण वृद्धाश्रमाचा विषय पुन्हा काढलास तर दारातूनच परत पाठवीन. तुमच्या घरातल्या भिंती जाड आहेत, खिडक्या नीट लागतात, वहिनी घरात असते. मला आत्ता तेवढंच हवंय.

मागच्या खोलीच्या दाराला मी कपाट लावून ठेवलंय. आई दर थोड्या वेळानं त्या कपाटाशी जाऊन उभी राहते.


२२ डिसेंबर

दादा,

आई नीट पोचली, जेवली, झोपली, हे वहिनीनं काकूंच्या फोनवर कळवलं. वहिनीचा आवाज इतक्या दिवसांनी ऐकला. आम्ही दोघी एकदमच बोलायला लागलो.

तू आलास तेव्हा दारात काय बोलायचं ते मी ठरवून ठेवलं होतं. तू “वजन उतरलंय तुझं” म्हणालास आणि मी सगळं विसरले.

एक गोष्ट आपण बोललो नाही. मी आईचं सामान बांधत होते. तू म्हणालास, बघतो तरी ती भिंत, आणि कपाट सरकवून आत गेलास. ठोकल्याचा आवाज येत होता. मग थांबला. चहासाठी हाक मारली, उत्तर नाही. येऊन पाहिलं तर तू बुटांसकट जमिनीवर बसलेला, भिंतीला पाठ टेकून, डोळे मिटून. लहानपणी आजारी पडलास की दिसायचास तसा. मी दंड धरून उठवलं. “जरा बसलो होतो,” म्हणालास. बॅग घेताना तुझा हात माझ्या हाताला लागला. तो किती गार होता हे तुलाही कळलं, मलाही. तू जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढलीस आणि म्हणालास, “चल, उशीर होतोय.”

गाडीत बसताना आई मागे वळून बघत राहिली. “तिला सांगितलं नाही मी जातेय म्हणून.” मी म्हटलं, मी सांगते. तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं. पण तुमची गाडी वळणावर दिसेनाशी झाली आणि मी खरंच आत गेले. दारात उभी राहून रिकाम्या खोलीला सांगितलं, “आई गेली. मुलाकडे गेली.” तू हसशील. माझंच मला हसू येत होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर भिंतीला हात लावला. गार. बाकीच्या भिंतींसारखी, अगदी तशीच. मी तरी पुन्हा पुन्हा हात लावून पाहिला. हायसं वाटायला हवं होतं.

घर सोडलं. काकूंनी लॉन्ड्रीच्या वरची खोली दिलीय, खालच्या वाफेनं दिवसभर उबदार असते, कपड्यांचा वास येतो. हॉटेलचं काम संपलं की पुढचं बघेन. मालकाला किल्ली दिली तर म्हणतो, “मागच्या खोलीत बसत नव्हता का?” मी त्याला त्या बाईंबद्दल विचारलं. तो किल्ली खिशात टाकत म्हणाला, “जुन्या गोष्टी आहेत हो.” मी विचारलं, “त्यांचं नाव काय होतं?” त्याला आठवेना.


९ जानेवारी

दादा,

तुझं पत्र आत्ता मिळालं आणि मी उभ्यानेच उत्तर लिहितेय. काकूंच्या फोनवरून किती वेळा लावून पाहिला, तुमच्याकडचा फोन लागतच नाही. काकूंचा भाचा दुपारी गाडी घेऊन तुमच्या गावाला निघालाय, तो हे माझ्या आधी तुझ्या हातात देईल. त्याच्या गाडीत कापडाचे तागे भरलेत, माणसाला जागा नाही. मी पाठोपाठच्या बसनं येते.

तू लिहितोस, आई मजेत आहे. जिन्याखाली, चपलांच्या कपाटाशेजारी भिंतीला टेकून बसते आणि म्हणते इथे उबदार आहे. तू लिहितोस, आपल्या घरात तर सगळीकडेच उबदार असतं, मग तिला तीच जागा का लागते. आणि शेवटी, सहीच्याही खाली, बारीक अक्षरात, “मी हात लावून पाहिला. तू म्हणाली होतीस तशीच आहे.”

मला वाटलं होतं, आईला तिथून काढलं की झालं. दादा, आईला काढलं आणि भिंत गार पडली. मला तेव्हाच कळायला हवं होतं. त्या बाईला दुसरं कोण होतं? आई उठून निघाली, तीही तिच्या मागोमाग निघाली.

आईला ओढून उठवू नकोस. कपाट सरकवून जागा अडवू नकोस. आपण तेच केलं आणि ती तुमच्या घरी आली. जागा अडवलीत तर आई जिथे टेकेल तिथे ती येईल. आणि ती वाईट नाही. वाईट असती तर आईनं ओळखलं असतं, आईला माणसं अजून कळतात. ती गारठलीय, एवढंच. पण आईच्या अंगात या वयात ऊब अशी किती असणार? आई एकटी देत बसली तर तिला काही उरणार नाही.

म्हणून तू आईच्या शेजारी बस. डाव्या बाजूला, खांद्याला खांदा लावून, शाल दोघांवर घेऊन. वहिनीला उजवीकडे बसव. तिला खुळेपणा वाटला तर सांग, धाकटीनं हात जोडलेत. आईची बोटं सारखी चाचपून बघ. गार पडायला लागली की तिला पलंगावर नेऊन रजईत घ्या आणि भिंतीशी तुमच्यापैकी एकानं बसा. मग पाळी बदला. उकडतंय असं कुणी म्हणालं की त्यानं लगेच उठायचं, तूसुद्धा. विशेषतः तू. चौघांची मिळून एकीला पुरेल एवढी ऊब निघेल. नाही निघाली तर काकू म्हणाल्यात, हाक मार, मी येते.

पडद्यांच्या शेवटच्या जोड्या हॉटेलवाले टांगतील. मी अंधार पडेपर्यंत पोचेन.

दाराला कडी लावू नकोस. मला घंटी वाजवावी लागली तर तू उठशील, आणि तेवढा वेळ आई तिथे एकटी राहील.

तुझी,
धाकटी